कॅपिटॉल कॉम्प्लेक्स बघून आले आणि डोकं चक्रावलं. सरकारी मुख्यालय बांधतात तरी कोणासाठी?

झेलम_एक्सप्रेस

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात शिमल्याला जाताना दीड दिवस चंदीगडला थांबलो. नवऱ्याला रॉक गार्डन बघायचं होतं, मला सुखना लेकच्या काठावर नुसतं बसून राहायचं होतं, पण मुलगी बारावीला आहे आणि तिच्या डोक्यात आर्किटेक्चरचं खूळ शिरलंय, त्यामुळे तिच्या हट्टापायी कॅपिटॉल कॉम्प्लेक्सची टूर घेतली. म्हणजे सेक्टर १ मधलं सचिवालय, विधानसभा आणि हायकोर्ट, स्विस-फ्रेंच आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं, २०१६ ला युनेस्कोच्या यादीत गेलेलं. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं आणि गाइडच्या मागे मागे चालायचं, एकट्याने हिंडता येत नाही.

आता खरं सांगते. मुलगी हरखून गेली होती, खांबांना हात लावून लावून बघत होती, आणि मला काही केल्या कळेना की यात एवढं आहे काय. एका टोकाला हायकोर्ट, त्याचे ते हिरवा पिवळा लाल असे तीन अजस्र खांब. दुसऱ्या टोकाला विधानसभा, तिच्या डोक्यावर कारखान्याच्या धुराड्यासारखं काहीतरी. आणि मध्ये काँक्रीटचं पटांगण, चारशे मीटरच्या वरच असेल, सांध्यांमधून गवत उगवलेलं. पण माणूस नाही हो! आम्ही अकरा जण, गाइड, आणि एक टिटवी, जी आम्ही तिच्या अंड्यांवर पाय देणार असं धरून सगळा वेळ आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. सकाळचे अकरा, कामाचा दिवस, दोन राज्यांचं सरकार इथून चालतं म्हणतात, मग ती माणसं असतात कुठे?

मला सरकारी ऑफिस म्हटलं की झेरॉक्सवाला, चहाची टपरी, स्टँप व्हेंडर, झाडाखाली पिशवीत कागद घेऊन बसलेली म्हातारी माणसं असंच डोळ्यापुढे येतं. इथे त्यातलं काहीच नाही. चूक माझ्या नजरेची की डिझाइनची? एवढं लांब लांब का बांधलंय, ज्याचं काम अडलंय अशा माणसाने कुठून आत शिरायचं असं त्या साहेबांच्या मनात होतं, आणि कुठे असं एखादं सरकारी मुख्यालय आहे का जिथे गेल्यावर आपण आगंतुक वाटत नाही? मुलीशी यावरून कालकापर्यंत भांडण झालंय, ती धागा वाचणार आहे, तेव्हा जरा बेतानं :)

उपद्व्यापी

शेंगदाणे घेऊन बसलोय. आर्किटेक्ट लोक येतीलच आता.

सिमेंट_वाळू

आलो.

झेलमताई, तुमची मुलगीही बरोबर आणि तुम्हीही बरोबर, फक्त तुम्ही ज्याला डिझाइन म्हणताय ते अर्धंच डिझाइन आहे. मी नाशकात प्रॅक्टिस करतो, कॉलेजात असताना ट्रेनिंगला सहा महिने चंदीगडला होतो आणि सुट्टीच्या दिवशी दुसरा उद्योग नसल्याने या भागात पाय मोडेस्तोवर चाललोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे चौथी इमारत व्हायची होती. राज्यपालांचं निवासस्थान, सगळ्या रचनेच्या माथ्यावर, मागे शिवालिकचे डोंगर. नेहरूंना ते पटलं नाही, लोकशाहीत राज्यपालाचा महाल सगळ्यांच्या डोक्यावर कशाला, आणि ते कागदावरच राहिलं. मग त्या जागी ज्ञानाचं संग्रहालय बांधू असं कॉर्बुझिएने सुचवलं, तेही झालं नाही. आता पंगत मांडायची, रांगोळ्या काढायच्या, आणि यजमानाचं पानच वाढायचं नाही, तर कसं दिसेल? तसं ते पटांगण दिसतं. डोळा वर जातो आणि तिथे काहीच नाही.

दुसरं, माणसं कुठायत. माणसं आहेत, तुमच्या पायाखालच्या पातळीला आहेत! गाड्यांचे रस्ते आणि पार्किंग मुद्दाम जमीन खणून खाली घेतलंय, म्हणजे वरचं पटांगण फक्त पायी चालणाऱ्यांचं राहावं. खणलेल्या मातीचे ढीग रचून टेकड्या केल्या, त्या तुम्ही बघितल्या असतील, शहर दिसू नये आणि डोंगर तेवढे दिसावेत म्हणून. कल्पना म्हणून फार सुंदर आहे. पण घडलं असं की नोकरीवर येणारा प्रत्येकजण खालूनच येतो नि खालूनच जातो, पटांगणात चढायचं त्याला कारणच नाही. चालणाऱ्यांसाठी राखलेली जागा आणि चालत कोणी येत नाही.

आणि अंतर. हे अंतर ठरवताना कॉर्बुझिएने जागेवर काळे पांढरे पट्टे मारलेले आठ आठ मीटरचे खांब उभे करून वर निशाणं लावून बघितलं होतं, आणि इमारती एकमेकींपासून फार लांब पडताहेत हे त्याच्याही लक्षात आलं होतं. म्हणजे तुमच्या पायांना जे कळलं ते त्याला ७० वर्षांपूर्वी कळलंच होतं. तरी ठेवलं, कारण माप माणसाला धरून नव्हतं, मागच्या डोंगराला धरून होतं. मला स्वतःला ते आवडतं. पण सही घ्यायला इकडून तिकडे जायचं असेल तर डोंगराचा काही उपयोग नाही हे कबूल.

सचिवालय मात्र जवळून बघायला हवं होतं (टूरमध्ये गच्चीवर नेलं का?). २५४ मीटर लांब, आठ मजली, सहा तुकडे जोडून केलेली एकच इमारत, दोन तुकड्यांमध्ये फट ठेवलीय म्हणजे काँक्रीट उन्हाने फुगलं तरी तडे जाऊ नयेत. समोरून बघताना ऊन अडवायला लावलेली काँक्रीटची जाळी एकसारखी चालत येते आणि मध्येच तिचा ठेका बदलतो, खण मोठे होतात, तिथे मंत्र्यांची दालनं आहेत, दुप्पट उंचीची. म्हणजे बाहेर उभं राहून नुसत्या जाळीवरून सांगता येतं की साहेब कुठे बसतो. आणि दोन रॅम्प, इमारतीच्या अंगातून हत्तीच्या सोंडेसारखे बाहेर आलेले. सकाळी सगळ्यांनी एकदम लिफ्टपाशी गर्दी करू नये, चालत गप्पा मारत वर जावं, म्हणून. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलोय एकदा, भिंतीतल्या चौकोनी झरोक्यांतून उजेडाचे ठिपके पडतात, दर वळणावर वेगळे. सरकारी इमारतीत जिना चढताना कधी असं वाटलं होतं मला? नाही बुवा.

धुराड्याचं म्हणाल तर वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरचाच आकार आहे तो. खाली विधानसभेचं गोल सभागृह आहे.

पंचकुलावासी

सिमेंट_वाळू यांनी छान लिहिलंय पण एक मोठी गोष्ट राहिली. ते पटांगण ओस पडायला डिझाइन जेवढं कारण आहे त्यापेक्षा जास्त कारण ३१ ऑगस्ट १९९५. त्या दिवशी पंजाबचे मुख्यमंत्री बियंत सिंग यांना सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात मारलं, त्यांच्यासोबत आणखी कितीतरी माणसं गेली. त्यानंतर काटेरी तारा, चौक्या, बंदूकधारी जवान, विधानसभेकडून हायकोर्टाकडे सरळ चालत जाणं बंद. मी इथे चौदा वर्षं आहे, आमच्या शेजारचे सरदारजी सांगतात की त्यांच्या लहानपणी ते लोक संध्याकाळी सायकली घेऊन त्या पटांगणात जायचे, उतारावरून सायकल सोडून द्यायचे. त्यांना आता स्वतःच्या गावात ओळखपत्र दाखवून गाइडच्या मागून जावं लागतं, म्हणून ते जातच नाहीत.

झेलम, तुम्हाला हवी ती टपरी आणि झेरॉक्स हायकोर्टाच्या मागच्या अंगाला आहे. टूरवाले पुढून दाखवतात. मागे जा, काळ्या कोटांचा समुद्र, पार्किंगवरून हमरीतुमरी, वऱ्हाडासारखी गाड्यांतून आलेली पक्षकार मंडळी. पंजाब, हरियाणा आणि चंदीगड तिघांचं मिळून एक हायकोर्ट आहे, कमी गर्दी असेल का? मुळात नऊ कोर्टरूम धरून बांधलेली इमारत, १९५५ साली सुरू झाली. प्रत्येक कोर्टाला थेट बाहेरून दार. दिसायला रुबाबदार पण पाऊस आला की सगळे भिजणार, म्हणून पुढे व्हरांडा जोडावा लागला. कॉर्बुझिएला पाऊस माहीत नव्हता असं नाही, पण इथला आडवा पाऊस बहुतेक माहीत नसावा.

तसंच त्या उन्हाच्या जाळ्यांचं. कागदावर बरोबर, ऊन थेट काचेवर पडत नाही. पण त्या जाळ्या काँक्रीटच्या आहेत, मे महिन्यात दिवसभर तापतात आणि संध्याकाळी तीच धग आत सोडत बसतात, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी. इथे मे-जूनमध्ये पारा ४४ ला जातो.

अजून एक मजा. हे सगळं बांधलं तेव्हा लाहोर गेलेल्या एका पंजाबसाठी बांधलं. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळा झाला, मग विधानसभेच्या गोल सभागृहात पंजाब बसतो आणि जी खोली विधान परिषदेसाठी होती तिथे हरियाणा. एक घर, दोन चुली. सचिवालयही वाटून घेतलंय. हरियाणाला स्वतःचं विधानभवन हवंय, त्या जागेवरून पंजाब खवळलेला असतो, इथल्या पेपरात दर अधिवेशनाला ही बातमी येतेच. कितीही थोर माणसाने प्लॅन काढू दे, राज्याचे दोन तुकडे होतील हे तो कुठल्या कागदावर काढणार?

खुर्च्यांचं तर विचारूच नका. कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिअर जानरे, त्याने या ऑफिसांसाठी सागवानी वेताच्या खुर्च्या केल्या, इंग्रजी व्ही उलटा धरावा तशा पायांच्या. मोडल्या की गच्चीवर फेकायच्या, मग भंगारात लिलाव. आणि त्याच खुर्च्या पॅरिस-लंडनच्या लिलावात लाखांनी जायला लागल्या तेव्हा इथे सगळ्यांचे डोळे उघडले, २०११ ला केंद्राने विकायला नि बाहेर न्यायला बंदी घातली. इथे अजूनही लोक आपापल्या ऑफिसातली जुनी खुर्ची उलटी करून खाली नंबर आहे का बघतात. मीही बघितलाय :)

निवृत्त_अवर

चर्चा वाचून राहवलं नाही. मी मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, लिपिक म्हणून लागलो, अवर सचिव म्हणून बाहेर पडलो. आर्किटेक्टसाहेबांना एक विनंती, सरकारी मुख्यालय कसं असावं हे बघायचं तर इमारतीकडे बघू नका, एका नस्तीच्या (फायलीच्या) मागे चाला.

नस्ती कशी फिरते? डाक आवक शाखेत येते. तिथून कार्यासनावर. सहायक टिपणी लिहितो, कक्ष अधिकाऱ्याकडे, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री, आणि वित्त किंवा विधी विभागाचा अभिप्राय लागला की पुन्हा दुसऱ्या विभागात तोच प्रवास. आता वित्त विभाग वेगळ्या मजल्यावर असेल, अर्धा विभाग विस्तार इमारतीत असेल, तर काखेत नस्त्या घेतलेला शिपाई दिवसभर काय करतो? चालतो. आमच्याकडे एक शिपाई होता, निवृत्तीच्या निरोप समारंभात म्हणाला, साहेब मी पंढरीची वारी कधी केली नाही पण या जिन्यांवर पंढरपूर केव्हाच गाठलं. सगळे हसलो, त्याचे गुडघे मात्र खरंच गेले होते.

मंत्रालयाची इमारत १९५५ ची, तेव्हा सचिवालय नाव होतं, १९७५ ला शंकरराव चव्हाणांच्या काळात मंत्रालय झालं. चंदीगडचं सचिवालय आणि ही, साधारण एकाच काळातल्या. आमच्या इमारतीला कोणी युनेस्कोत नेणार नाही, पण एक गुण सांगतो, त्रिमूर्ती प्रांगणात उभं राहून मान वर केली की मजल्यांवर मजले दिसतात. कोण कोणत्या दालनाबाहेर ताटकळतोय ते खालून दिसायचं. आणि "सहाव्या मजल्यावर काय ठरलं" एवढं म्हटलं की मुख्यमंत्री असं सगळ्या महाराष्ट्राला कळतं, म्हणजे मजल्याचा नंबर हाच हुद्दा झाला.

त्याच मोकळ्या जागेत २०१८ ला जाळी बांधावी लागली. वरून उड्या मारायला लागले लोक. यावर मी जास्त लिहीत नाही.

२१ जून २०१२ ला चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वर चढत गेली, पाच माणसं गेली. त्यानंतर नूतनीकरण झालं, ई-ऑफिस आलं, नस्ती संगणकावर सरकायला लागली. म्हणजे बघा, जी गोष्ट जिने आणि लिफ्टची होती ती आता जिने आणि लिफ्टची राहिलीच नाही. मग नवीन मुख्यालय बांधताना एवढ्या हजार लोकांना एका छपराखाली बसवायचं कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. आत काम करणाऱ्याला आता इमारतीची गरज कमी झालीय. बाहेरून येणाऱ्याची गरज होती तेवढीच आहे, त्याला माणूस भेटायला हवा असतो. अभ्यागतांना आत सोडायची वेळ दुपारी दोननंतरची. आमच्या काळात दीड वाजल्यापासून रांग लागायची, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस त्याच रांगेत. कुठल्याही प्लॅनमध्ये ती रांग काढलेली मी पाहिलेली नाही. गेट काढतात, गेटच्या बाहेरचे दोनशे लोक काढत नाहीत. त्यांना सावली, बाकडं, पाणी, संडास.

उपद्व्यापी

काका, शेवटच्या परिच्छेदाला साष्टांग.

आमच्या जिल्ह्यात (नाव नको) नवीन प्रशासकीय इमारत झाली, सगळी काच, पुढे कारंजं. आईला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला घेऊन गेलो. पेन्शनचं काम दुसऱ्या मजल्यावर! म्हणजे ज्या एकाच खात्यात येणारा प्रत्येक माणूस साठीच्या पुढचा असतो ते वर, आणि खाली काय तर सभागृह, वर्षातून चार वेळा उघडणारं. लिफ्टवर चिठ्ठी, बंद आहे. मग तिथल्याच एका बाईंनी काय केलं, रजिस्टर काखेत मारून खाली आल्या आणि जिन्याखालच्या बाकड्यावर बसून एकेका आजी-आजोबांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर दर नोव्हेंबरला ते बाकडं म्हणजेच पेन्शन ऑफिस. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये ती जागा बहुतेक झाडू ठेवायला होती. काचेमुळे आत भट्टी होते ते वेगळंच, सगळ्यांनी आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत.

हाँगकाँग_लोकल

झेलम, तुमचा शेवटचा प्रश्न, आगंतुक वाटणार नाही असं मुख्यालय. मी एक सांगतो पण पूर्ण वाचा, अर्ध्यावर टाळ्या वाजवू नका.

मी गेली बरीच वर्षं हाँगकाँगात आहे, ऑफिस ॲडमिरल्टीला. तिथून चालत पाच मिनिटांवर टमारचं सरकारी मुख्यालय, जुन्या नौदल तळाच्या जागेवर, २०११ ला सुरू झालं. रॉको यिम नावाच्या तिथल्याच आर्किटेक्टचं डिझाइन. इमारतीचा आकार म्हणजे अक्षरशः एक अवाढव्य दरवाजा, दोन बाजूला दोन उंच विंग आणि वर त्यांना जोडणारा पूल, मध्ये मोकळं आकाश. कल्पनेचं नावच चिनीत "दार कायम उघडं". आणि त्या दारातून हिरवळीची पट्टी सुरू होते ती बागेतून उतरत थेट समुद्रापर्यंत जाते. मेट्रो स्टेशनवरून पादचारी पुलाने आलात की एकही रस्ता न ओलांडता सरकारच्या दारातून चालत समुद्रावर. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखांचं, ऑफिस आणि विधिमंडळ दोन्ही शेजारीच, ठेंगण्या इमारतीत, उंच इमारत कारकुनांची! हे मला फार आवडलं होतं. सुरुवातीला आम्ही डबे घेऊन त्या हिरवळीवर जेवायला जायचो, लोकांची पोरं लोळत असायची, शनिवारी नवरानवरी फोटो काढायला यायचे. चंदीगडला जे कागदावर होतं, म्हणजे गाड्या बाजूला आणि पायी माणसाला मधली जागा, ते इथे खरोखर चाललं, कारण साधं होतं. लोकांना तिथून जाणं सोयीचं पडत होतं. घरी जायच्या वाटेत होतं.

आता पुढचं. इमारतीच्या पूर्वेला एक गोल आवार होतं, गाड्या वळवायला केलेलं, मध्ये ध्वजस्तंभ. लोकांनी आपणहून त्याला निदर्शनांचा चौक केला, सिव्हिक स्क्वेअर म्हणायला लागले. २०१४ ला सरकारने त्याला तीन मीटर उंच कुंपण घातलं. सप्टेंबरच्या २६ तारखेला रात्री विद्यार्थी ते कुंपण चढून आत उतरले, पोलिसांनी उचललं, आणि त्यातून दोन दिवसांत ते लोकशाही निवडणुकांसाठीचं छत्र्यांचं आंदोलन उभं राहिलं, डिसेंबरपर्यंत आठ पदरी रस्त्यावर तंबू होते. मी रोज त्या तंबूंमधून ऑफिसला गेलोय, पोरं रस्त्यावर टेबलं मांडून दिव्याखाली अभ्यास करत होती. नंतर २०१७ च्या शेवटी आवार परत उघडलं, पण वेळा, अटी, परवानग्या. कुंपण आहेच.

म्हणजे नाव "दार कायम उघडं" आणि बातमीत गाजलं ते कुंपण. तरी हिरवळ आजही आहे आणि लोक बसतातही, हेही खरं. मी स्वतः मात्र डबा आता ऑफिसातच खातो. का ते नाही सांगता येत.

सिमेंट_वाळू

हाँगकाँग_लोकल, चंदीगडलाही नेमकं हेच! पटांगणाच्या एका बाजूला तो "उघडा हात" आहे ना, २६ मीटर उंच, वाऱ्याने फिरतो. कॉर्बुझिए १९६५ ला गेला, हात उभा राहिला १९८५ ला. त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल उतरत जाणारी एक बसायची जागा आहे, पायऱ्या पायऱ्यांची, लोकांनी जमून सार्वजनिक गोष्टींवर वाद घालावा म्हणून. मी मान्य करतो की बरीच वर्षं तिथे कोणाला मोकळेपणी जाताच येत नव्हतं.

पण एक सांगू का, सगळं खापर आर्किटेक्टवर फोडता तुम्ही लोक. कुंपण आर्किटेक्ट घालत नाही. ड्रॉइंग देऊन आम्ही घरी जातो, मग सुरक्षेचा साहेब येतो, बांधकाम खात्याचा येतो, आठ दारांपैकी सात बंद करून एकापाशी मेटल डिटेक्टर लावतो. माझ्याच एका छोट्या सरकारी कामात मी चार बाजूंनी चार प्रवेश दिले होते, हौसेने, प्रत्येकाला वेगळी फरशी. उद्घाटनानंतर महिनाभराने गेलो तर तीन दारांना आतून कपाटं लावलेली. विचारलं तर म्हणे चार वॉचमन कुठून आणू.

निवृत्त_अवर

मग एकच दार द्या पण त्याच्यापुढे सावली द्या, बस. चार दारं मागितली होती कोणी?

सिमेंट_वाळू

काका :( लागलं.

दिल्ली_दूर_अस्त

एक अवांतर. सरकारी इमारतींच्या मांडणीवरून दोन आर्किटेक्टनी अबोला धरल्याचंही उदाहरण आहे. रायसीना टेकडीवर लट्यन्सचं व्हाइसरॉय हाउस (आताचं राष्ट्रपती भवन) आणि बेकरचे नॉर्थ ब्लॉक साउथ ब्लॉक. बेकरने म्हटलं माझे ब्लॉकही टेकडीच्या माथ्यावर हवेत, मग व्हाइसरॉयचा महाल मागे ढकलला गेला आणि रस्त्याचा चढ असा आला की राजपथावरून (आताच्या कर्तव्य पथावरून) जसजसं जवळ जावं तसतसा घुमट बुडत जातो. आजही जाऊन बघा, विजय चौकात उभं राहिलं की राष्ट्रपती भवन जवळपास गायब. लट्यन्सच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता, "माझं बेकरलू झालं" म्हणायचा, म्हणजे बेकरच्या हातून वॉटर्लू. साम्राज्याची एवढी महागडी इमारत आणि समोरच्या रस्त्यावरून दिसत नाही :)

आता तिथूनही सगळे हलताहेत. केंद्राच्या नव्या सचिवालयाची, म्हणजे कर्तव्य भवनाची, पहिली इमारत ६ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, अशा दहा व्हायच्यात, शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवन वगैरे विखुरलेली खाती एका ओळीत आणायची, मेट्रोला जोडायची. निवृत्त_अवर काकांची नस्ती इकडून तिकडे न्यायची पायपीट वाचेल हे नक्की. नॉर्थ-साउथ ब्लॉकचं संग्रहालय होणार. म्हणजे जिथे आत जायला पास लागायचा तिथे आता तिकीट लागेल, तिकीट मिळणं पासपेक्षा सोपं असतं एवढीच आशा.

पंचकुलावासी

सिमेंट_वाळू, तुमचं दुःख समजतं पण आठ दारांना वॉचमन लागतो हे ड्रॉइंग काढतानाही माहीत असतं ना? आमच्याकडे पाऊस आडवा येतो हेही माहीत असतं.

झेलम_एक्सप्रेस

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकेक करून उत्तर देणं होणार नाही, ऑफिसात आहे.

काल रात्री मुलीला सगळं वाचून दाखवलं. सिमेंट_वाळूंची बाजू तिने घेतली हे सांगायला नकोच, "आई, कुंपण आर्किटेक्ट घालत नाही" हे वाक्य आता घरात चार वेळा ऐकून झालंय. निवृत्त_अवर काकांचं ऐकल्यावर मात्र गप्प झाली आणि मग उठून टूरचे फोटो काढून बसली. तिला तिथल्या त्या सावल्यांच्या मनोऱ्याचे फोटो फार आवडले होते, तो पटांगणात एकटाच उभा आहे ना, भिंती नाहीतच, नुसत्या काँक्रीटच्या फळ्या, ऊन कुठल्या वेळी कुठून येतं आणि कसं अडवायचं ते दाखवायला बांधलेला. गाइडने तिथे दहा मिनिटं सूर्याचे कोन समजावले होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो कारण त्या अख्ख्या पटांगणात सावली तेवढीच होती.

तर तिने एक फोटो मोठा करून दाखवला. मागच्या कोपऱ्यात, मी तेव्हा बघितलंच नव्हतं, गवत काढणाऱ्या दोन बायका बसल्यात, विळे बाजूला ठेवलेत, स्टीलचा डबा उघडलेला आणि पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून. एकीने चपला काढून पाय थंड काँक्रीटवर पसरलेत.

पोरगी म्हणते, बघ, वापरतात की नाही लोक?

काका, ती विचारतेय की मंत्रालयाच्या रांगेत साधारण किती जण असायचे आणि रांग कोणत्या बाजूला वळायची. कशाला हवंय ते सांगत नाही, कागद आणि पट्टी घेऊन बसलीय.

निवृत्त_अवर

मंगळवार-बुधवारी जास्त. कॅबिनेट असली की विचारू नका. फुटपाथला धरून वळायची, झाड असेल तिकडे सरकायची. बाकीचं व्यनि (खासगी निरोप) करतो, तिला म्हणावं आधी जेवून घे.